साधे पान साधे कसे राहते?

बेलाचे त्रिदळ म्हणजे तीन पाने, असे बहुतेकांना वाटते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते एकच पान आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. पान जेथे फांदीला जोडलेले असते, तेथे देठाच्या बेचक्यात एक मुकुल असते. बेलाच्या तीन दलांपैकी कोणत्याही एका दलाच्या बुडाशी असे मुकुल आढळत नाही. ते आढळते तिन्ही दलांच्या सामाईक देठाच्या बुडाशी. म्हणून पान एक आणि त्याच्या पर्णिका तीन.

आंबा, वड, पिंपळ यांचे पर्णपत्र अखंड असते, म्हणून त्यांची पाने साधी. पपईच्या पानाला खोल खाचा असतात, पण पर्णपत्राचे पूर्ण विभाजन झालेले नसते, म्हणून तेही साधेच. बेल, कडुनिंब आणि चिंच यांची पाने संयुक्त. शेवग्याचे पान तर पुन्हापुन्हा विभागत जाते आणि एखाद्या डहाळीएवढी ती सगळी रचना मिळून एकच पान ठरते.

शालेय पुस्तकातले हे वर्गीकरण निर्दोष आहे; परंतु त्याच्या नावातच एक गृहीतक दडलेले आहे. ‘साधे’ म्हणजे ज्यात काही विशेष घडले नाही ते, आणि ‘संयुक्त’ म्हणजे ज्यात काहीतरी अधिक घडले ते, असा अर्थ मनात आपोआप रुजतो. साधे पान ही जणू कोरी पाटी आणि संयुक्त पान हे तिच्यावरचे लेखन. हे गृहीतक दीर्घकाळ टिकले. २०२१ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एका संशोधनाने त्याला थेट आव्हान दिले. त्या प्रयोगापर्यंत पोहोचण्यासाठी विज्ञानाला दोन शतकांहून अधिक काळ लागला आणि त्या वाटेवर भारतातील कपाशीची आणि हरभऱ्याची शेतेही लागतात.

सुरुवात एका कवीपासून करावी लागते. १७८६ मध्ये योहान वोल्फगांग फॉन गटे इटलीच्या प्रवासात पादुआ येथील वनस्पती उद्यानात थांबला. तेथे १५८५ साली लावलेला एक ताडवर्गीय वृक्ष होता; तो आजही जिवंत आहे. त्याच्या बुडाजवळची पाने साधी, भाल्याच्या पात्यासारखी होती. वर जावे तसतशी ती विभागत जाऊन पंख्यासारखी झाली होती. एकाच झाडावर साध्यापासून विभागलेल्या पानापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी दिसत होत्या. १७९० मध्ये गटेने वनस्पतींच्या रूपांतरणावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. बीजपत्रे, पाने, पाकळ्या, पुंकेसर ही सर्व एकाच मूलभूत अवयवाची रूपांतरे आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. पानाचा आकार ही स्थिर ओळख नसून ती एक प्रक्रिया आहे, हा विचार तेव्हापासून वनस्पतिशास्त्रात आला. तो कसा तपासायचा, याचे साधन मात्र त्या काळी कोणाकडे नव्हते.

आकाराकडे मोजता येणारी आणि वारशाने मिळणारी गोष्ट म्हणून पाहणे विसाव्या शतकात शक्य झाले. मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आल्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत, १९११ साली, संयुक्त प्रांताच्या सरकारचे वनस्पतितज्ज्ञ एच. मार्टिन लीक यांनी कानपूर येथे केलेला भारतीय कपाशीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही देशी कपाशींच्या पानांच्या पाळ्या रुंद असतात, तर काहींच्या अरुंद आणि खोलवर कापलेल्या. लीक यांनी पानाची मापे घेऊन हा फरक एका गुणोत्तरात मांडला आणि दोन टोकांच्या वाणांचा संकर केला. संकरित पिढीची पाने मधल्या आकाराची निघाली. पुढे १९३०च्या दशकात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत जोसेफ हचिन्सन यांनी आशियाई कपाशींच्या पानांच्या आकाराची आनुवंशिकता अधिक विस्ताराने तपासली. आकारांच्या अनेक पायऱ्या एकाच जनुकाच्या निरनिराळ्या रूपांनी समजावता येतात, हे त्या काळच्या कपाशी-अभ्यासातून पुढे आले.

हे जनुक नेमके काय करते, हा प्रश्न तेव्हा विचारताही येत नव्हता. जनुक म्हणजे डीएनए, हेच अजून ठाऊक नव्हते. तरीही एवढे निश्चित झाले होते की पानाची कड किती कापली जावी, हे ठरवणारी सूचना वारशाने एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

त्याच काळात केंब्रिजमध्ये अ‍ॅग्नेस आर्बर निराळ्या दिशेने विचार करीत होत्या. विद्यापीठातील ज्या प्रयोगशाळेत त्या काम करीत ती बंद झाल्यावर त्यांनी घरातल्याच एका खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून संशोधन चालू ठेवले. १९४६ साली त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री वनस्पतिशास्त्रज्ञ. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मांडले की पान हे ‘अपुरे खोड’ आहे. खोडाची फांदी फुटत राहते, नवे अवयव देत राहते. पान मात्र ठरावीक मर्यादेत थांबते. तरीही पूर्ण खोड होण्याकडे त्याची ओढ असते, असे आर्बर यांचे मत होते. जनुकशास्त्राच्या भरभराटीच्या काळात ही भाषा अनेकांना तत्त्वज्ञानाकडे झुकणारी वाटली. पुढील घडामोडी पाहता आर्बर यांचा कौल बराच अचूक ठरला.

ते समजण्यासाठी पानाचा जन्म पाहिला पाहिजे. खोडाच्या टोकाशी प्ररोह विभाजी ऊती असते. तिच्यातील पेशी विभागत राहतात आणि कोणता अवयव व्हायचे याचा निर्णय पुढे ढकलत राहतात. या ऊतीच्या बाजूला एक सूक्ष्म उंचवटा उमटतो; तोच पानाचा अंकुर. आंबा असो वा बेल, आरंभीचे हे उंचवटे एकमेकांसारखेच दिसतात. फरक पुढे पडतो. साध्या पानात त्या उंचवट्याची कड सलग वाढते. संयुक्त पानात कडेवर पुन्हा लहान उंचवटे उमटतात, आणि त्यांच्या पर्णिका होतात. खोडाच्या टोकाने जे पानांबाबत केले, तेच पान आपल्या कडेवर पर्णिकांबाबत करते.

या साम्यामागचे जनुक सापडले ते मक्यात. मक्याच्या एका उत्परिवर्ती वाणाच्या पानांवर शिरांलगत गाठी येतात. म्हणून त्याचे नाव ‘नॉटेड’. १९९१ मध्ये एरिक व्होलब्रेख्ट, ब्रूस व्हाइट, नीलिमा सिन्हा आणि सारा हेक यांनी दाखवले की हे जनुक होमिओबॉक्स कुळातील आहे. प्राण्यांमध्ये शरीराचा आराखडा ठरवणारी जनुके याच प्रकारची असतात. वनस्पतीत असे जनुक प्रथमच ओळखले गेले. निरोगी मक्यात हे जनुक खोडाच्या टोकाशी चालू असते आणि पानाचा अंकुर उमटतो तेथे बंद होते. उत्परिवर्ती मक्यात ते पानातही चालू राहते. मग पानाच्या पेशी ‘आपण पान आहोत’ हे काही काळ विसरतात आणि गाठी येतात. १९९३ मध्ये सिन्हा व सहकाऱ्यांनी हे जनुक तंबाखूत जास्त प्रमाणात चालवले, तेव्हा पानांच्या पृष्ठावर चक्क नवे कोंब फुटले.

या जनुकाच्या कुळाला ‘नॉक्स’ म्हणतात. त्यातील पहिल्या वर्गाला ‘नॉक्स-१’. १९९६ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी मक्याचे हेच जनुक टोमॅटोत चालवले. टोमॅटोचे पान मुळातच संयुक्त. या प्रयोगात ते पुन्हापुन्हा विभागले आणि एकेका पानावर शेकडो पर्णिका आल्या. मात्र त्याच वर्षी सारा हेक यांच्या गटाने मोहरीच्या कुळातील अ‍ॅरॅबिडॉप्सिस या साध्या पानाच्या वनस्पतीत तिचेच एक नॉक्स जनुक जास्त चालवले, तेव्हा पानाला फक्त खाचा पडल्या. खऱ्या पर्णिका आल्या नाहीत. हा फरक महत्त्वाचा होता. एकच कळ दाबली असता टोमॅटो विभागत जातो आणि अ‍ॅरॅबिडॉप्सिस अडून बसते. याचा अर्थ साध्या पानात काहीतरी अडवणारे असावे. तो संकेत मात्र तेव्हा फारसा वाचला गेला नाही. बहुतेकांचे लक्ष संयुक्त पान कसे घडते याकडेच राहिले.

२००२ मध्ये गीता भारतन्, नीलिमा सिन्हा आणि सहकाऱ्यांनी अनेक कुळांतील वनस्पतींचे पर्णांकुर तपासले. संयुक्त पाने उत्क्रांतीत अनेकदा, स्वतंत्रपणे उद्भवली. तरी बहुतेक वेळा नॉक्स-१ हेच साधन पुन्हा वापरले गेले, असे आढळले. वाटाण्याने मात्र दुसरी वाट धरलेली होती. १९९७ मध्येच कळले होते की वाटाण्याच्या पर्णिकांमागे एरवी फुलाची घडण ठरवणारे एक जनुक आहे. ते निकामी झाले की पान जवळजवळ साधे होते.

येथे पुन्हा भारतातले शेत येते. हरभरा हा वाटाण्याचा जवळचा नातेवाईक आणि त्याचे नेहमीचे पान संयुक्त असते. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये हरभऱ्याच्या पानांच्या तीन प्रकारांची आनुवंशिकता मांडली: नेहमीचे संयुक्त, साधे आणि पर्णिकांचे पुन्हा विभाजन झालेले. साध्या पानाचा गुण अप्रभावी निघाला. हरभऱ्याला संयुक्त पान मिळते ते एक जनुक काम करते म्हणून आणि ते बिघडले की पान साधे होते. वरवर पाहता यातून जुन्याच गृहीतकाला बळ मिळाले: साधेपणा म्हणजे काहीतरी नसणे.

आता बंगळुरूकडे वळायचे, पण आधी पानाच्या सपाटपणाचा विचार करणे आवश्यक आहे. कारण वाट तिथूनच जाते. सपाट पान ही सहज घडणारी गोष्ट नाही. पृष्ठावरील अंतरेच त्याची वक्रता ठरवतात, हे कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केले होते. पानाचा मध्यभाग कडेपेक्षा जास्त वाढला तर पान वाटीसारखे होते. कड जास्त वाढली तर जादा लांबी मावण्यासाठी तिला लाटा घ्याव्या लागतात. परकराच्या घेराला त्याहून लांब पट्टी चुण्या घालून शिवली की झालर होते, तसेच. २००२ मध्ये टेक्सासच्या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले की फाडलेल्या प्लास्टिकच्या कडेवर अशाच लाटा आणि लाटांवर लाटा येतात, कारण फाटताना कड कायमची ताणली जाते. तेथे जनुके नाहीत. केवळ भूमिती आणि लवचीकता आहे. पान सपाट राहायचे असेल, तर त्याच्या सर्व भागांतील वाढ एकमेकांशी जुळलेली असणे भाग आहे.

ही जुळवणी कोण करते? इंग्लंडमधील नॉर्विच येथे एन्रिको कोएन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना उत्पल नाथ यांनी स्नॅपड्रॅगन या बागेतल्या फुलझाडाचा एक उत्परिवर्ती वाण अभ्यासला. त्याची पाने सपाट न राहता कडेला चुरगळलेली असत. बिघडलेल्या जनुकाचे नाव ‘सिनसिनाटा’. निरोगी पानात पेशींचे विभाजन आधी टोकाशी थांबते आणि थांबण्याची ही लाट हळूहळू बुडाकडे सरकते. उत्परिवर्ती पानात ही लाट उशिरा सरकते आणि तिचा आकारही बदलतो. त्यामुळे कडेच्या पेशी अधिक काळ विभागत राहतात आणि कडेला झालर येते. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. सिनसिनाटाचे काम वाढवणे हे नव्हते. वेळेवर थांबायला लावणे हे होते.

पुढे नाथ भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि या जनुकाच्या भावंडांचा, म्हणजे ‘टीसीपी’ जनुकांच्या एका गटाचा, अभ्यास अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये सुरू राहिला. दरम्यान नॉक्स कुळाच्या दुसऱ्या वर्गाचे, ‘नॉक्स-२’चे, महत्त्व पुढे येत होते. नॉक्स-१ पेशींना अनिर्णीत ठेवते; नॉक्स-२ त्याउलट त्यांना परिपक्वतेकडे नेते. एका प्राचीन जनुकाची दुहेरी प्रत होऊन हे दोन विरोधी वर्ग वेगळे झाले. नॉक्स-२ जनुके निकामी केल्यास अ‍ॅरॅबिडॉप्सिसचे पान खाचदार होते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले होते.

२०२१ मध्ये कृष्ण रेड्डी चल्ला, मोनालिशा रथ, उत्पल नाथ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. टीसीपी प्रथिने नॉक्स-२ जनुकांना चालना देतात आणि दोघे मिळून पानाच्या कडेवर पर्णिका उमटू देत नाहीत. एकाचे काम कमी केले तर दुसरा बराचसा तोल सांभाळतो; म्हणूनच हा पहारा इतकी वर्षे दिसला नव्हता. दोघांचेही काम एकाच वेळी कमी केल्यावर मात्र पानात झोपलेली नॉक्स-१ आणि तिच्या जोडीची जनुके जागी झाली. अ‍ॅरॅबिडॉप्सिसच्या साध्या पानाच्या कडेवर पर्णिका फुटल्या, पर्णिकांवर पर्णिका फुटल्या आणि हा क्रम थांबण्याचे चिन्ह दिसेना. संशोधकांनी त्याला अतिसंयुक्त पान म्हटले.

या प्रयोगाचे मोल बाहेरून काय घातले यात नाही. टोमॅटोत मक्याचे जनुक घातले होते. येथे अ‍ॅरॅबिडॉप्सिसला परके असे काही दिले नव्हते, तिच्याच जनुकांचा पहारा उठवला होता. संयुक्त पान घडवण्याची क्षमता त्या साध्या पानात आधीपासून होती आणि प्रत्येक पानाच्या वाढीत ती नव्याने दाबली जात होती. आर्बर यांचे अपुरे खोड येथे जवळजवळ डोळ्यांसमोर उभे राहिले. पान हे खोडासारखे अखंड फुटत राहू शकते, पण त्याला तसे करू दिले जात नाही.

याचा अर्थ साधेपणा सदैव दडपणातूनच येतो असा मात्र नव्हे. २०१४ मध्ये मिल्टोस त्सियान्टिस यांच्या गटाने अ‍ॅरॅबिडॉप्सिसच्या जवळच्या नात्यातील, पण संयुक्त पान असलेल्या कार्डामिने हिर्सुटा या रानवनस्पतीत ‘आरसीओ’ नावाचे जनुक शोधले. ते पर्णिकांच्या मधल्या जागेतील वाढ रोखते, म्हणून पर्णिका एकमेकींपासून सुट्या राहतात. अ‍ॅरॅबिडॉप्सिसच्या वंशात हे जनुक उत्क्रांतीच्या ओघात नष्ट झाले. ते परत घातले तर तिच्या पानाला खाचा येतात. म्हणजे एकाच वनस्पतीचे पान दोन कारणांनी साधे आहे: एक साधन हरवले म्हणून आणि उरलेल्या साधनांवर पहारा आहे म्हणून.

आरसीओ हे ‘एलएमआय-१’ नावाच्या जनुकाच्या दुहेरी प्रतीतून आलेले आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अमेरिकन कपाशीच्या पानांचा आकार ठरवणारे जनुक नेमके ओळखले, तेव्हा तेही एलएमआय-१ सारखेच निघाले. नेहमीच्या रुंद पानाच्या कपाशीत या जनुकातील आठ अक्षरे गळालेली आहेत आणि त्यामुळे त्याचे प्रथिन अपुरे राहते. भेंडीसारख्या खोल कापलेल्या पानाच्या वाणात ते शाबूत असून अधिक जोमाने चालते. लीक आणि हचिन्सन यांनी वेगळ्या जातींच्या कपाशींत मापपट्टीने सुरू केलेला प्रश्न शंभर वर्षांनी डीएनएच्या अक्षरांपर्यंत पोहोचला. शेतीच्या दृष्टीनेही तो किरकोळ नाही. कापलेल्या पानांतून ऊन आणि वारा झाडाच्या आतपर्यंत पोहोचतो आणि ओल साचून बोंडे सडण्याचे प्रमाण घटते. रुंद पान मात्र जमीन लवकर झाकून ऊन अधिक अडवते. पानाच्या आकारात बदल म्हणजे ऊन, पाणी आणि रोग यांच्या हिशेबात बदल.

बंगळुरूचा प्रयोग अ‍ॅरॅबिडॉप्सिसवर झालेला आहे. उद्या आंब्याला पर्णिका फुटतील, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. तो शिकवतो ती विचार करण्याची एक सवय. एखाद्या सजीवात एखादा गुण दिसत नाही, तेव्हा दोन शक्यता असतात. तो गुण घडवणारी यंत्रणा तेथे नसेल, किंवा असेल आणि रोखलेली असेल. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. हरभऱ्याचे साधे पान आणि अ‍ॅरॅबिडॉप्सिसचे साधे पान शेजारी ठेवले तर दोन्ही ‘साधी’च म्हणावी लागतात, पण एकात पर्णिका घडवणारे जनुक बिघडलेले आहे आणि दुसऱ्यात पर्णिका रोखणारी जनुके चोख काम करीत आहेत. हा फरक केवळ पाहून कळत नाही. पहारा उठवून पाहावा लागतो.

चैत्रात पिंपळाला तांबूस, लुसलुशीत पालवी फुटते. त्या प्रत्येक कोवळ्या पानाची कड सलग असते आणि पृष्ठ सपाट. आजवर आपण त्या सलग कडेकडे काहीच न घडल्याची खूण म्हणून पाहत आलो. त्या कडेवर कोणता पहारा आहे आणि कोणते साधन हरवले आहे, हा प्रश्न आता प्रत्येक साध्या पानाला विचारता येतो.